परदेशी राहायला जाताय? तिथली भाषा शिकण्याबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंग पूर्ण केलेल्या मुली, यंत्रमागाचा धंदा मंदावल्यावर बाहेरची वाट शोधणारी घरं, लग्न करून तिकडे निघालेल्या सुना आणि त्यांच्यामागे काळजीत पडलेले आईवडील. मी सोलापुरात जर्मन शिकवते, त्यामुळे या सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. व्याकरणाच्या शंका पुस्तकात सुटतात. न सुटणारे प्रश्न वेगळेच असतात: शिकायलाच हवी का, कोणी सक्ती करावी का, आणि शिकलो तर आपलं काय उरेल? इथे तेच घेतले आहेत.

थोडक्यात सांगा, शिकावी की नाही?

शिकावी. ज्या देशात तुम्ही वर्षानुवर्षं भाडं भरणार, आजारी पडणार, मुलं शाळेत घालणार, तिथल्या बहुसंख्य लोकांची भाषा तुम्हाला यायला हवी. यजमानांना बरं वाटेल हा भाग नंतरचा, आधी ती तुमच्या स्वतःच्या बचावासाठी हवी. पण माझ्या दोन अटी आहेत. शिकायला वर्ग आणि वेळ मिळवून देणं ही त्या देशाची जबाबदारी आहे. आणि नवी भाषा शिकवताना जुनी सोडायला लावण्याचा हक्क कोणालाही नाही. या दोन अटी पाळल्या जात नसतील तर ‘भाषा शिका’ हा उपदेश पोकळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्रजी चांगलं येतं. मग जर्मन कशाला?

हा प्रश्न इंजिनिअर मुलं हमखास विचारतात. बर्लिनच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर इंग्रजीवर काम भागतं, हे खरं आहे. पण ऑफिस सुटल्यावर घराच्या पत्रपेटीत जी पाकिटं पडलेली असतात ती जर्मनमध्ये असतात. घरमालकाचं पत्र, आरोग्य विम्याची नोटीस, वीज कंपनीचा हिशेब, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने दिलेली तारीख. जर्मनीत प्रशासनाची भाषा जर्मन असेल असं कायद्यातच लिहिलेलं आहे. समोरचा कारकून इंग्रजी बोलला तर तो त्याचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे. अशा पत्रांना मुदत असते आणि ती तुमच्या सोयीने थांबत नाही.

नर्सिंगवाल्यांसाठी तर हा प्रश्नच उरत नाही. वॉर्डात पाळी बदलताना आधीची सिस्टर पुढच्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाची माहिती सांगते. कोणाचं ड्रेसिंग बदललं, कोणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी, कोण रात्रभर झोपलं नाही. हे सगळं भराभर, अर्धी वाक्यं गिळत सांगितलं जातं. त्यातला एक आकडा चुकीचा ऐकला तर औषधाचा डोस चुकतो. रुग्णही वयस्कर असतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची मोठेपणी शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची टिकून राहते. त्या आजोबांना कळ येतेय, ठणकतंय की आग होतेय, हे ते त्यांच्याच भाषेत सांगणार.

वर्गातली भाषा आणि तिथली बोली यांतही अंतर असतं. महाराष्ट्रातली बरीच मुलं सध्या ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याकडे डोळे लावून बसली आहेत, तिथल्या बऱ्याच भागात श्वेबिश बोलतात. ‘गुटन टाग’ घोकून गेलेल्या मुलीच्या कानावर पहिल्याच सकाळी ‘ग्रूस गॉट’ पडतं आणि शब्दांच्या शेवटी ‘ले’ चिकटलेला असतो. पुस्तकी मराठी शिकून आलेला माणूस सोलापूरच्या बाळीवेशीत उतरला आणि कोणी त्याला ‘काय करायलास बे?’ विचारलं, तर त्याचं जसं होईल तसंच हिचं होतं. घाबरू नका, कान काही महिन्यांत सरावतो. पण पाया प्रमाण भाषेचा असेल तरच सरावतो.

भाषेची सक्ती करणं योग्य आहे का?

कशासाठी सक्ती, त्यावर माझं उत्तर बदलतं.

रुग्णालयात काम करण्याच्या परवान्यासाठी भाषेची अट असावी, यात दुमत नको. जर्मनीत बहुतेक ठिकाणी परिचारिकेची पदवी मान्य होण्यासाठी बी-२ पातळी मागतात. (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-१ या सगळ्यात सोप्या पातळीपासून ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२ अशा चढत जातात.) डॉक्टरांना त्याच्याही वरची, वैद्यकीय संवादाची परीक्षा द्यावी लागते. आपल्या सिव्हिलमध्ये उद्या एखादी परदेशी सिस्टर आली तर आपण हेच मागू.

नागरिकत्वासाठी अट असणंही मला मान्य आहे. मतदान करायचं तर चर्चा कळली पाहिजे. जर्मनी बी-१ पातळी मागते आणि सोबत ३३ प्रश्नांची परीक्षा घेते, त्यातले १७ बरोबर यावे लागतात. ब्रिटनमध्ये २४ पैकी १८. कॅनडा भाषेचा पुरावा १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांकडूनच मागतो, म्हणजे म्हाताऱ्या आईला पेपर सोडवायला बसवत नाही. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यापासून इंग्रजी बोलता येण्याची अट आहे. तरी पन्नाशी ओलांडलेल्या आणि कायमच्या रहिवासाची वीस वर्षं झालेल्या माणसाला त्यातून सूट आहे. पंचावन्न वय आणि पंधरा वर्षं झाली असतील तरीही सूट मिळते. अटीला अशी माणुसकीची फट ठेवलेली असली की ती अट पचते.

मला खटकते ती दारातली सक्ती. जर्मनीत जोडीदाराकडे राहायला जाण्याआधीच साधारणपणे ए-१ परीक्षा पास व्हावी लागते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित आणि चांगल्या पगाराच्या परदेशी नोकरदारांचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला सूट आहे, असे आणखी काही अपवादही आहेत. ब्रिटनने २०१० पासून अशीच अट घातली. म्हणजे जास्त शिकलेल्या, जास्त पगाराच्या माणसाची बायको थेट जाते आणि गवंडीकाम किंवा स्वयंपाकाचं काम करणाऱ्याची बायको परीक्षेची तारीख मिळायची वाट बघत बसते. जी भाषा त्या देशात पाऊल ठेवल्यावर बाजारात, बसमध्ये, शेजारी लवकर आली असती, ती इथे नवऱ्यापासून लांब राहून पाठ करायची. हे शिकवणं नाही, ही चाळण आहे.

चाळणीचं सगळ्यात वाईट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १९०१ च्या कायद्याने तिथे श्रुतलेखनाची परीक्षा आणली. अधिकारी एखाद्या युरोपीय भाषेत ५० शब्दांचा उतारा वाचणार आणि आलेल्या माणसाने तो लिहायचा. कुठली भाषा, ते अधिकारी ठरवणार. गोऱ्या नसलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठीच ही योजना होती, आणि १९०९ नंतर ती परीक्षा कोणीही पास झालं नाही. १९३४ मध्ये एगॉन किश हा नाझीविरोधी पत्रकार तिथे पोहोचला. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे सरकार हरलं. पण ही पद्धत १९५८ पर्यंत टिकली. आजही कोणी ‘आमची भाषा येत नसेल तर चालते व्हा’ म्हणतं, तेव्हा त्याला खरंच भाषा शिकवायची आहे की माणूस नको आहे, हे मी आधी पाहते.

सोलापुरात तेलुगू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यावर कोणी सक्ती केली होती?

नाही केली. आणि म्हणूनच या शहराकडे जगाला सांगण्यासारखं काहीतरी आहे असं मला वाटतं.

निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर मागाच्या कामासाठी इथे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या तसा हा ओघ वाढला. दाजी पेठ, साखर पेठ, कन्ना चौक असा अख्खा पूर्व भाग त्यांनी वसवला. सूत, धोटा, पाळी, पगार यांतून मराठी त्यांच्या तोंडात आली. बाजारात भाव करताना आली. मुलांनी शाळेतून आणली. आज पूर्व भागातली आजी घरात नातवाला तेलुगूत रागावते, दारावरच्या भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करते आणि विडी कारखान्यातल्या मैत्रिणीशी दोन्ही मिसळून बोलते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा रस्त्यात तेलुगू आणि मराठी दोन्ही ऐकू येतात. या आजीकडे कोणत्याही पातळीचं प्रमाणपत्र नाही.

कन्नडचं तर इथे पाहुणेपणच नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेला नंदीध्वजामागे चालणाऱ्या गर्दीत मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रज सरकारने सोलापूरच्या ज्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिली, ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. नावं वाचली तरी किती वेगवेगळ्या घरांतून ही माणसं आली होती ते कळतं. त्यांच्या चार पुतळ्यांजवळून रोज जाताना आपण हे विसरतो.

मात्र याचं गोड चित्र रंगवून थांबणं अप्रामाणिक होईल. पूर्व भागात राहून आयुष्यभर तेलुगूवर निभावून नेणं शक्य होतं आणि काहींनी ते केलंही. त्याची किंमत बायकांनी जास्त मोजली. घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईला भविष्य निर्वाह निधीचा अर्ज, सावकाराचा कागद, दवाखान्यातली चिठ्ठी वाचता येत नसेल, तर मध्ये कोणीतरी मध्यस्थ उभा राहतो, आणि मध्यस्थाचा हिशेब नेहमीच चोख असतो असं नाही. स्वतःच्या माणसांची वस्ती माणसाला आधार देते आणि अडकवूनही ठेवते. परदेशातल्या भारतीय वस्त्यांनाही हे जसंच्या तसं लागू आहे.

इथे भाषा पसरली ती दोन कारणांनी. पोटाचं काम एकत्र होतं, आणि आपली भाषा सोडा असं कोणी म्हटलं नाही. तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा या शहरात आहेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी, असं राज्यघटनेचं कलम ३५०-अ सांगतं.

मग उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांनाही हेच लागू का?

शिकण्याचा सल्ला तोच, पण कायद्याची बाजू पूर्ण वेगळी आहे. तो कामगार स्थलांतरित असला तरी परका नाही, या देशाचा नागरिक आहे. देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क त्याला कलम १९ ने दिला आहे. त्याने मराठी शिकावी, त्यात त्याचाच फायदा आहे. त्याची मुलं तर शिकणारच, कारण २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. पण मराठी येत नाही म्हणून टपरीवरच्या पोराच्या कानाखाली मारणाऱ्याने मराठीचं काहीही भलं केलेलं नाही. संध्याकाळी तासभर त्याला मराठी शिकवणारी एखादी जागा या शहरात उभी राहिली, तर मी तिथे आनंदाने शिकवायला जाईन.

‘हे लोक शिकतच नाहीत, आपापसातच राहतात’ असा आरोप होतो. तो खरा आहे का?

काही अंशी खरा, पण दोष कोणाचा हे इतिहास बघून ठरवावं.

३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला. आलेल्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं गेलं. दोन वर्षं राबतील आणि परत जातील, असा हिशेब होता. परत जाणाऱ्याला भाषा कशाला शिकवायची? म्हणून शिकवलीच नाही. पाळीचं काम, कामगारांच्या वसतिगृहातली गर्दी, आणि मुकादमाच्या हुकुमापुरते चार शब्द. १९७३ मध्ये भरती थांबली, पण तोवर माणसं स्थिरावली होती, कुटुंबं आली होती. देशभर सरकारी एकात्मता अभ्यासक्रम सुरू झाला तो २००५ मध्ये, म्हणजे त्या कराराला चार दशकं उलटून गेल्यावर. तेव्हा कुठे साधारण ६०० तासिका भाषेच्या आणि त्यावर देशाच्या ओळखीच्या वेगळ्या तासिका अशी व्यवस्था बसली.

ज्यांना चाळीस वर्षं कोणी वर्ग दाखवला नाही, त्यांनाच उतारवयात ‘तुम्ही शिकला नाहीत’ म्हणायचं, हा अन्याय आहे. जर्मनीलाही तो उमगला असावा. २०२४ च्या नागरिकत्व सुधारणेत त्या पहिल्या पिढीला लेखी परीक्षा माफ केली आहे आणि रोजच्या व्यवहारापुरतं बोलता आलं तरी पुरतं. उशिरा झालं, पण योग्य झालं.

भाषा येत नसेल तर दुभाष्यावर भागणार नाही का?

अडीअडचणीला भागतं, आणि सरकारने ती सोय ठेवलीच पाहिजे. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये फोनवरून दुभाषा देणारी सेवा सुरू केली, ती आजही चोवीस तास चालते. ज्या देशाने श्रुतलेखनाची चाळण लावली होती त्याच देशाने हेही केलं, याची नोंद घ्यायला हवी.

घरातल्या मुलाला मात्र दुभाषा करू नका. स्थलांतरितांच्या घरात हे सर्रास होतं. दहा वर्षांची मुलगी आईच्या गर्भाशयाच्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते आईला सांगते. तिला शब्दही कळत नाहीत आणि भीती मात्र पूर्ण कळते. अमेरिकेत आरोग्यसेवेच्या नियमांनी, तातडीचा प्रसंग सोडला, तर अल्पवयीन मुलांकडून असं काम करून घ्यायला मनाई केली आहे. तुम्ही स्वतःच्या घरासाठीही हा नियम करा.

तिकडे गेल्यावर मुलांशी घरात कोणती भाषा बोलायची? शाळेतल्या बाई म्हणाल्या तर मराठी बंद करावी का?

बंद करू नका. कोणीही सांगितलं तरी करू नका.

मूल शाळेची भाषा शिकणारच आहे, त्याची चिंता नको. मैदानावर, बसमध्ये, मित्रांत ते बोलायला लवकर लागतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं आहे की बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धडा वाचून समजणं, उत्तर लिहिणं, विज्ञानाचा परिच्छेद उलगडणं यासाठी पाच ते सात वर्षं लागू शकतात. मूल फाडफाड बोलतंय आणि तरी गुण कमी पडतायत, असं दिसलं की पालक त्याला आळशी ठरवतात. शिक्षकही कधीकधी त्याला ‘मंद’ वर्गात टाकतात. दोन्ही चूक. त्या मुलाला मदतीची गरज असते.

ही मदत मागणं हा हक्क आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी भाषक मुलांना इंग्रजी न शिकवताच इंग्रजी वर्गात बसवलं जात होतं. पालक कोर्टात गेले आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याला त्यातून काही मिळत नाही.

आणि मराठी का ठेवायची? मोडक्या जर्मनमध्ये आई मुलाला रागावू शकेल, पण त्याची समजूत काढू शकेल का? घरातली बोलणी ‘जेवलास का, झोप आता’ एवढ्यावर आली की चौदाव्या वर्षी ते मूल आपल्या मनातलं सांगायला घराबाहेर जातं. तुम्हाला जी भाषा पूर्ण येते तीच त्याला द्या. गोष्टी सांगा, भांडा, हिशेब करा, सगळं मराठीत. घरात तेलुगू असेल तर तेलुगूत, कन्नड असेल तर कन्नडमध्ये. सोलापूरच्या कितीतरी घरांतली मुलं सहा वर्षांची होईपर्यंत तीन भाषांत वावरतात आणि त्यांचं काहीच बिघडत नाही. चौथी भाषा म्हणून जर्मन आली तर त्यांना जड जायचं कारण नाही.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७७ च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घालावं लागतं. इंग्रजीच्या समुद्रात फ्रेंच टिकवायची त्यांची धडपड मी समजू शकते. तिकडे जाणाऱ्यांनी फक्त हे आधीच माहीत करून घ्यावं, विमानातून उतरल्यावर नव्हे.

मी नोकरी करणार नाही, घरीच असेन. मला कशाला हवी?

तुम्हालाच सगळ्यात जास्त हवी. नवऱ्याला ऑफिस आहे, मुलांना शाळा आहे, तुम्हाला चार भिंती आणि फोनवरचं सोलापूर. आईशी रोज दोन तास बोलून दिवस जातो, पण जीव तिथे रुजत नाही. शिवाय न बोलता येणारी एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. घरात छळ होत असेल तर पोलिसांना फोन करून एक वाक्य बोलता आलं पाहिजे. नवरा म्हणत असेल ‘तू काय करणार शिकून, मी आहे ना’, तर त्याला माझ्याशी बोलायला सांगा. काही ठिकाणी खास बायकांसाठीचे वर्ग असतात. पहिल्याच महिन्यात चौकशी करा.

माझं वय पंचेचाळीस. आता जमेल का?

जमेल. मुलांइतकी सफाई येणार नाही, एवढंच. २०१८ मध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या चाचणीवरून निघालेला निष्कर्ष असा की व्याकरण आत्मसात करण्याची तीव्र क्षमता सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरते. उतरते म्हणजे संपत नाही. मोठ्या माणसाला कशासाठी शिकायचं ते पक्कं ठाऊक असतं, आणि ते बळ मोठं आहे. रोज अर्धा-पाऊण तास, न चुकता. रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा ते जास्त टिकतं. बोलताना चुका होणार; चुकत बोला.

उच्चार आपलाच राहिला तर लोक हसतील?

हसू देत. समोरच्याला कळलं म्हणजे झालं. उच्चार पुसून टाकण्यासाठी पैसे घेणाऱ्या वर्गांपासून लांब राहा.

आखाती देशात जायचं असेल तर?

तिथे गणित वेगळं आहे. नागरिकत्व जवळजवळ मिळतच नाही, कामावर हिंदी-उर्दू आणि थोडं इंग्रजी चालतं, म्हणून कोणी अरबी शिकत नाही. तरी आकडे, ‘पगार’, ‘सुट्टी’, ‘पासपोर्ट’, ‘दुखतंय’ एवढं अरबीत शिकून जा. आणि करारावर सही करण्याआधी तो तुम्हाला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्या, कारण वाद झाला की अरबी मजकूरच धरला जातो.

त्यांची भाषा बोलायला लागलो, की आपण आपले राहतो का?

हा प्रश्न आई विचारते, मुलगी नाही.

त्यावर मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे बोट दाखवते. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकासोबत युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी शिकले, इतकी की जखमी सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलत आणि विद्यार्थ्यांना वैद्यकही चिनीतच शिकवत. चीनमध्ये सेवा केलेल्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. चिनी बोलल्याने ते सोलापूरचे राहिले नाहीत, असं कोण म्हणेल? त्यांचं स्मारक याच शहरात आहे, आणि चीनमध्येही आहे.

दुसरं उदाहरण बेने इस्रायलींचं. कोकणातली ही मराठी माणसं १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. तिथे स्थलांतरितांना हिब्रू शिकवण्यासाठी ‘उल्पान’ नावाचे वर्ग १९४९ पासून चालतात. यांनीही हिब्रू शिकली, नोकऱ्या केल्या, सैन्यात गेली. सुरुवातीची वर्षं सोपी नव्हती, भेदभावही सोसला. आणि तरी इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे. इंग्रजीच्या राजधानीत.

सोलापुरात राहून तयारी कशी करायची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या शासकीय कार्यालयातच विचारा, एजंटला नव्हे. जपानकडे जाणाऱ्यांसाठी २०१९ पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ असा व्हिसा आहे. त्याला जपानीची एन-४ (खालून दुसरी पातळी) किंवा त्या तोडीची परीक्षा लागते. ब्रिटनने २०२६ च्या जानेवारीपासून नव्या कुशल कामगारांसाठी इंग्रजीची पातळी बी-१ वरून बी-२ केली. नियम असे बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा.

‘तीन महिन्यांत बी-२, नोकरीची हमी’ असा फलक दिसला तर आत जाऊ नका. शून्यापासून बी-२ पर्यंत नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं धरून चाला. घर गहाण ठेवून फी भरणारी माणसं मी पाहिली आहेत. मूळ कागदपत्रं कोणाच्याही ताब्यात देऊ नका.

मुलीकडे सहा महिने राहायला चाललोय. आम्हा म्हाताऱ्यांना काय करावं लागेल?

परीक्षा वगैरे काही नाही. घराचा पत्ता, मुलीचा नंबर, तुमच्या औषधांची नावं आणि आजार तिथल्या भाषेत एका कार्डावर लिहून घ्या आणि ते खिशात ठेवा. नमस्कार, आभार, माफ करा आणि ‘मला तुमची भाषा येत नाही’ एवढं तोंडपाठ करा. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या तर आधी तुम्ही बोला. शेंगा चटणीची एक बरणी जास्तीची न्या आणि पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडे पोचवा. तिखट आहे, हे कसं सांगायचं ते मुलीला आधी विचारून घ्या.